मिठाच्या पाण्याची बाटली

आधी कबूल करून टाकते. त्या सकाळी मी प्रभूवर रुसले होते, चांगलीच रुसले होते. आणि तासाभरात त्यानं माझी समजूत अशी काढली, की आज लिहितानाही आनंद होतोय.

इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर मी रोज कोल्हापूरहून गडमुडशिंगीला एका म्हाताऱ्या पैलवानांच्या पायाची पट्टी बदलायला जात होते. मधुमेहानं टाचेला खड्डा पडला होता. जखम वर सरकली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या सुनेला जखम बघूनच घेरी यायची. मी पैसे घेत नव्हते आणि तिथंच घोडं अडलं. ही बाई फुकट कशाला येते, हे गल्लीला उमगेना. त्यात माझी जुनी सवय म्हणजे पट्टी सोडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची. जखम धुवायला घरून उकळलेलं मिठाचं पाणी मी साध्या बाटलीतून न्यायची. ते काय आहे हे कुणाला सांगावं, असं मला कधी सुचलंच नाही. खिडकीतून बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं, की मी चर्चमधलं पाणी ओतून पैलवानांना बाटवतेय.

त्या दिवशी सून दारातच उभी राहिली. "सिस्टर, उद्यापास्नं येऊ नगासा. आजबी नको. लोक नावं ठेवाय लागल्यात." आतून पैलवानांचं कण्हणं ऐकू येत होतं. मी फणकाऱ्यानं वळले आणि थांब्यावर जाऊन बसले. प्रभू, तूच पाठवलंस ना, मग दार का लावलंस, असं मनात भांडले. भांडता भांडता लक्षात आलं, की मला पायापेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त लागली होती. फार लाज वाटली. नाव गेलं तर जाऊ दे, पण तो पाय राख, एवढंच मागितलं.

एवढ्यात एसटी थांबली आणि एक आजी उतरल्या. कपाळाला गंध, काखेत पिशवी. नृसिंहवाडीहून दत्ताचं दर्शन घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला नेमकं त्याच पैलवानांचं घर विचारलं. त्या पैलवानांच्या थोरल्या बहीण निघाल्या, बऱ्याच वर्षांनी येत होत्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, "रडायला काय झालं, बाई?" मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं, ते घरात शिरेपर्यंत सोडलं नाही.

सून काही बोलायच्या आत आजींनी माझ्या हातातली बाटली घेतली, ओंजळीत पाणी ओतलं आणि चक्क पिऊन टाकलं.

"मीठ हाय की नुसतं!" त्या कडाडल्या. "वाडीचं तीर्थ मी आणलंय, ते मी पाजते. ही पाय धुईल. पाय गेल्यावर गल्ली उचलून न्हेणार हाय व्हय ह्याला?"

पैलवान कॉटवर हसू लागले. सून बाजूला झाली. मी पट्टी सोडायला बसले. मी मागितलंही नव्हतं आणि प्रभूनं माझी बाजू मांडायला एक दत्तभक्त पाठवली होती.

जखम भरायला तीन महिने लागले. गल्ली काही लगेच गोड झाली नाही. उगाच वाद नको म्हणून मी डोळे मिटणं सोडलं आणि मनातच प्रार्थना करू लागले. एका सकाळी मी पट्टीला हात घातला, तर सुनेनं स्वयंपाकघरात चाललेला मिक्सर बंद केला. तिनं स्वतः उकळून ठेवलेलं मिठाचं पाणी पुढं केलं आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, आधी डोळं मिटा की. मी थांबते."

मी डोळे मिटले आणि प्रभूचे आभार मानले. ज्या कामाला त्यानं धाडलं ते करत राहावं, आपली बाजू त्याच्यावर सोपवावी, एवढं मला तेव्हा कळलं. डोळे उघडले तेव्हा सूनही हात जोडून उभी होती, आणि तिचा देव कोणता हे मी विचारलं नाही.