दोन दिवस भिजणारा मासा

श्यामकांत तांडेलच्या अंगावर अकरा खुणा आहेत आणि त्यातल्या नऊ एकाच माणसाने केल्यात. कोपरावर तव्याचा चटका, कानामागे झाऱ्याचा घाव, हनुवटीला चार टाके. हे सगळं करणारा आर्मिंदो म्हणजे हॅम्बुर्गच्या बंदरामागच्या गल्लीतल्या पोर्तुगीज रेस्टॉरंटचा मालक.

आपली पुण्यामुंबईची मंडळी बंदर बघायला येतात, धक्क्यावर फोटो काढतात आणि मग फोन नाचवत त्या गल्लीत शिरून दिसेल त्या मराठी माणसाला विचारतात, "काका, ऑथेंटिक पोर्तुगीज कुठे मिळेल हो?" अरे बाबांनो, दारावर निळ्या टाइल्स आणि कोंबड्याचं चित्र लावलं की झालं का पोर्तुगीज? आत आचारी आणि मालक भांडताना ऐकू येतात का बघा. आर्मिंदोकडे तरी खऱ्या जेवणाची तीच खूण होती.

श्यामकांत रेवदंड्याचा, जहाजावरचा आचारी. हॅम्बुर्गला उतरला तो परत चढलाच नाही. पहिल्या दिवशी आर्मिंदोने त्याच्यापुढे खारवून वाळवलेला कॉड मासा आपटला. बाकाल्याउ. फळीसारखा कडक. श्यामकांतला वाटलं, हात्तिच्या, सुक्या मासळीवरच तर वाढलोय आपण! तासभर पाण्यात टाकला आणि शिजवला. एक घास खाऊन आर्मिंदोने ताट त्याच्या तोंडावर भिरकावलं. "दोन दिवस भिजवायचा, गाढवा! पाणी बदलत!" श्यामकांत कसला ऐकतोय? त्याने पातेलं हाणलं. आर्मिंदोचा पुढचा दात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही कामावर हजर. पुढची सव्वीस वर्षं हेच चाललं. श्यामकांतची आई गेली तेव्हा विमानतळावर सोडायला आला तो आर्मिंदोच, आणि वाटेत गाडी कशी चालवावी हे श्यामकांतने सांगितलं म्हणून त्याने दोन शिव्याही घातल्या.

मग गेल्या हिवाळ्यात आर्मिंदोला झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मुलगी लिडिया हिशोब बघू लागली आणि तिचा नवरा येन्स स्वयंपाकघरात घुसला. त्याला फ्रीझरमधला स्वस्त पांढरा मासा बाकाल्याउच्या नावावर खपवायचा होता. म्हणे, टुरिस्टला काय कळतंय?

"बाबांना चव कळते तोवर नाही," लिडिया म्हणाली.

मग येन्सने काय करावं? शनिवारी म्हाताऱ्याला व्हीलचेअरवरून जेवायला आणलं, तेव्हा त्याच्यापुढे तोच फ्रीझरचा मासा ठेवला. आर्मिंदोने मान खाली घालून सगळा खाल्ला. ताट पुसून खाल्लं! श्यामकांत दारात उभा राहून बघत होता. हा माणूस खरंच संपला की काय? लिडियाने डोळे पुसले आणि म्हणाली, "गेनाऊ, बरोबर आहे तुझं, येन्स. चव कळत नाही त्यांना. हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी फ्रीझरवाल्यांच्या करारावर सही करते."

म्हाताऱ्याला अजून चव कळते हे दाखवायला श्यामकांतकडे एकच शनिवार उरला. गुरुवारी त्याने बाकाल्याउचे चांगले जाड तुकडे निवडून टबात भिजत घातले. शुक्रवारी दुपारी येऊन बघतो तर टब उपडा आणि मासा कचऱ्याच्या डब्यात, वर कॉफीचा चोथा.

"वास मारत होता," येन्स म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याने श्यामकांतचं डोकं फिरलं. हाताशी होता तो शेवटचा सुका बाकाल्याउ, सव्वा किलोचा. तोच दोन्ही हातांनी उचलून त्याने येन्सच्या तोंडावर हाणला. कडकन आवाज झाला. येन्स भांड्यांच्या रॅकवर पडला, रॅक त्याच्यावर पडली. उठून त्याने श्यामकांतच्या बरगडीत लाथ घातली, श्यामकांतने पुन्हा मासा हाणला. मासा मोडला नाही, नाक मोडलं.

"उद्याची गर्दी निभावून ने," येन्स नाक धरून रक्त थुंकत म्हणाला, "आणि मग तोंड दाखवू नकोस."

श्यामकांतने मासा धुतला, तुकडे केले आणि भिजत घातले. बरगडी ठणकत होती. शनिवारी सकाळी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. अजून एक दिवस हवा होता, आणि दिवस कुठून आणणार? त्याने बटाटे, कांदा, ऑलिव्ह घालून तसाच केला.

दुपारी त्याने आर्मिंदोपुढे ताट ठेवलं. बाजूला लिडिया, नाकाला पट्टी लावलेला येन्स. म्हाताऱ्याने डाव्या हाताने काटा उचलला. एक घास. चावला. थांबला. मान वर केली आणि श्यामकांतकडे बघितलं.

ताट आलं ते थेट श्यामकांतच्या भुवईवर. रक्ताची धार डोळ्यात उतरली, कांदे शर्टावर. आणि जानेवारीपासून एक शब्द न उच्चारलेला आर्मिंदो वाकड्या तोंडाने ओरडला, "खारट! दोन... दोन दिवस, गाढवा!"

श्यामकांत रडत होता, हसत होता, काय करत होता त्याचं त्यालाच कळेना. "एकच मिळाला रे," तो म्हणाला. "एकच दिवस मिळाला."

"पोलिसांना बोलावतो!" येन्स उठला.

"बस खाली," लिडिया म्हणाली. "करार होणार नाही."

एवढ्यात आर्मिंदोच्या डाव्या हाताला पावाची बशी लागली. ती काढून घ्यायला लिडिया पुढे झाली नाही. येन्सवर नेम नीट बसावा म्हणून तिने आपली खुर्ची जरा मागे ओढली.