गड्याचं ऑपरेशन

घरात सगळ्यात जास्त उंडारतं कोण, मी की कुत्रं, यावर आई-वडिलांचं कधी एकमत झालं नाही. आई कुत्र्याचं नाव घ्यायची, वडील माझं. हैदराबादेत काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. मी बाविशीची, हिमायतनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची आणि क्लास सुटल्यावर तासभर तरी घरी यायची नाही. कार्टीच्या पायाला भिंगरी आहे, असं सगळे म्हणायचे. होतीच. अजून आहे.

कुत्रं गावठी, तांबूस, एक कान पडका. वडील त्याला गडी म्हणायचे. आमचं मूळ गाव नांदेडकडचं, पिढ्यान्‌पिढ्या शेती. वडील शिकायला हैदराबादला आले आणि इथंच एका कारखान्याच्या ऑफिसात चिकटले, पण तोंडातली शेती काही सुटली नाही. शेतावर राबणाऱ्या माणसाला गडी म्हणतात म्हणून कुत्र्यालाही गडी. राबतो डोंबलाचा! भाद्रपद लागला की साखळी तोडून पळायचा. तीन-तीन दिवस पत्ता नसायचा. मी सायकल काढून चादरघाटाच्या पुलापर्यंत हाका मारत जायची आणि हात हलवत परत यायची. मग एका सकाळी हा दारात उभा. ओठ फाटलेला, पाय लंगडा, आणि तोऱ्यात, जणू दार उघडायला आम्हीच उशीर केला.

त्याच सुमाराला वडिलांचा कारखाना गुंडाळायला निघाला. पेपरात रोज उदारीकरण, उदारीकरण. वडिलांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कसली, ढकललंच होतं. घरात बसून राहणं त्यांना ठाऊक नव्हतं. दिवसातून दहा वेळा ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. आई म्हणाली, आता घरात उंडारणारे तीन झाले. शेवटी त्यांनी पुढच्या खोलीत एस.टी.डी. बूथ टाकला. काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर, बाहेर पिवळी पाटी. आता घर त्यावरच चालणार होतं.

आणि आमचं दार जे उघडलं ते उघडंच राहिलं. आधी दूधवाला आणि पेपरवाला सोडून चिटपाखरू यायचं नाही. आता हेल्मेट घातलेला कुरियरवाला, खांद्यावर वायरीचं भेंडोळं टाकून भिंतीवर चढणारा केबलवाला, पाणी गाळायचं मशीन विकणारी टायवाली मंडळी, आणि दिवसभर फोन करायला येणारे लोक. गडी पार बावचळला. टेबलाखाली शिरून गुरगुरायचा आणि माणूस वळला की मागून पोटरीला झोंबायचा. केबलवाल्याची तर पँटच फाडली. वर बूथच्या दारावर रोज तंगडी वर करायचा, तुळशीला पाणी घालावं तसा, नेमानं.

“हे कुत्रं राहील नाहीतर बूथ राहील,” आई म्हणाली.

वडिलांनी विचार केला आणि शेतकऱ्याचा निकाल दिला. “खच्ची करू. गोऱ्हा पाहिलास का कधी? उधळतो, माणसाच्या अंगावर येतो. खच्ची केला की औताला लागतो, लहान लेकरानं हाकला तरी चालतो. गडी बी तसाच होईल. नाही झाला तर गावाकडं नेऊन सोडू.”

मला ते ऐकून कसंतरीच झालं. पण गावाकडं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिथं शेतावर आधीच चार कुत्री होती, आणि पाचव्याला ती उभं करणार नव्हती. म्हणून मीच गड्याला रिक्षात घालून हिमायतनगरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तेलुगू, माझ्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. ऑपरेशन झाल्यावर म्हणाले, “घूमना कम होता, टांग उठाना कम होता. मगर जल्दी नक्को करो, दो-ढाई महिने देखो.” आणखीही काहीतरी सांगत होते. माझं लक्ष घड्याळाकडे. हौ हौ, म्हणजे हो हो, करत मी रिक्षात बसले.

आठव्या दिवशी गडी टाक्यांसकट पळाला! आईनं कपाळाला हात लावला. “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.” दुसऱ्या दिवशी परत आला, सुजलेला. मग मात्र हळूहळू फरक पडायला लागला. दारावरची तंगडी थांबली. उशीला मिठी मारून जे चाळे चालायचे, चारचौघांत आम्हाला मान खाली घालायला लावणारे, तेही थांबले. अंग धरलं. फाटक उघडं राहिलं तरी तो बाहेर जाईना. गल्लीत कुत्र्यांचा धुमाकूळ चाललेला असायचा आणि हा पायरीवर हनुवटी टेकून नुसता बघायचा. आई खूश. खरं सांगते, मला वाईट वाटलं. त्याला हाका मारत पुलापर्यंत जाणं माझंच संपलं, म्हणूनही असेल.

वडील तर गल्लीभर सांगत सुटले, बैल झाला हो आमचा गडी, आता काही करत नाही. आणि त्यांनी साखळी सोडली.

पण टेबलाखालचं गुरगुरणं थांबलेलं नव्हतं. आवाज बारीक झाला होता, इतकंच. अनोळखी माणूस आत आलं की त्याचं शेपूट पोटाशी चिकटायचं, कान मागं जायचे, मागचे पाय थरथरायचे. मला हे दिसत होतं. मी रोज बघत होते, आणि रोज घाईत होते.

समोरच्या घरात एक टीचरम्मा राहायच्या, रिटायर झालेल्या, एकट्या. मुलगा अमेरिकेत. दर रविवारी सकाळी त्या छत्री टेकत फोन करायला यायच्या. त्या रविवारी दाराशी थबकल्या. वडील म्हणाले, “आवो, आवो. कुछ नै करता अब.” त्या आत गेल्या, फोन लागला, बोलता बोलता छत्री खाली पडली. ती उचलायला वाकल्या आणि गड्यानं मनगट धरलं.

मी आतून धावत आले. टीचरम्मा भिंतीला टेकून बसलेल्या, साडीवर रक्त. रिसीव्हर खाली लोंबत होता आणि त्यातून मुलगा ओरडत होता, अम्मा, अम्मा. गडी टेबलाखाली, स्वतःच्याच मुतात बसलेला. वडील दोन्ही हात पुढं करून नुसते उभे होते. इतक्या वर्षांत त्यांचा शब्द असा खोटा पडलेला मी पाहिला नव्हता.

टीचरम्मांना टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. वडील घरी आले ते एकच बोलले, “गावाकडं.” पण डॉक्टरांचा नियम होता की चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, हलवायचं नाही. दहा दिवस मिळाले. मी गड्याला पुन्हा हिमायतनगरला नेलं आणि डॉक्टरांवरच चिडले. ऑपरेशन करून काय फायदा झाला मग?

डॉक्टर चिडले नाहीत. कधी चावतो, शेपूट कुठं असतं, कान कुठं, असं एकेक विचारत गेले. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली आला.

“वो गुस्सा नै है अम्मा, वो डरता,” ते म्हणाले. “कुतिया के पीछे भागना, वो सब ऑपरेशन से जाता. डर का ऑपरेशन नै होता. उस दिन बोला था मैं. आप हौ हौ बोलके चले गए.”

रिक्षात मी गड्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मान गरम होती. जे त्याचं स्वतःचं होतं ते काढून टाकलं आणि जे खरं दुखत होतं त्याला कुणी हात लावला नाही. राग आला मला. वडिलांचा, डॉक्टरांचा, सगळ्यात जास्त माझा.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते मीटरवर फडकं मारत राहिले. रात्री जेवले नाहीत. सकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, “तुझा आजा गोऱ्हा खच्ची केल्यावर लगेच जुंपायचा नाही. चार महिने त्याच्यासंगं नुसता हिंडायचा. मानेवर हात ठेवून उभा राहायचा, घंटा-घंटा. मग ओंडका ओढायला लावायचा, मग औत. मी बारकं पोरगं होतो. मला वाटायचं, खच्ची केला म्हणून गरीब झाला.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“आत्ता आठवलं.”

कप्पाळ माझं! पण मी तिथल्या तिथं म्हणाले, मी उभी राहते. तुम्ही बूथ बघा, मी रोज गड्याजवळ उभी राहीन. गावाकडं नका नेऊ. वडिलांनी माझ्याकडं असं पाहिलं की आई फिसकन हसली. दहा मिनिटं एका जागी न थांबणारी मी! पण थांबले. रोज संध्याकाळी त्याला साखळी लावून पायरीवर बसायची. माणूस गल्लीच्या टोकाला दिसला की बिस्किट, जवळ आला की बिस्किट, थरथरायला लागला की मानेवर हात. तिसऱ्या दिवशी टीचरम्मा मनगटाला पट्टी बांधून समोरच्या ओट्यावर पेपर वाचत बसल्या. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, “मैं पहिली का क्लास पढाई, तीस साल. वो बच्चे भी काटते.” मग त्या रोज बसायला लागल्या. आमच्याकडं न बघता, एक बिस्किट रस्त्याच्या मधोमध टाकून.

दहावा दिवस गेला. वडील गावाचं तिकीट काढायला स्टेशनवर गेले नाहीत. मीही विषय काढला नाही.

पंधराव्या दिवशी पुण्याहून, मी नोकरीसाठी अर्ज केला होता त्या कंपनीचं पत्र आलं. सोमवारी रुजू व्हा. मी गेले. कुणी अडवलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही की आता गड्याचं काय. बॅग भरताना तो दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

पुण्याहून फोन करायची, बूथावरून आमच्या बूथावर. गडी कसा आहे? “आहे,” वडील म्हणायचे. एवढंच. आहे म्हणजे बरा आहे, की सुधारला, की बांधून ठेवलाय? विचारायची हिंमत झाली नाही. मग मी तोही प्रश्न सोडला. दिवाळी आली, गेले नाही, काम होतं. वर्षभरात तीन घरं बदलली. केस कापले, पाठीवरची सॅक घेतली, गॉगल घेतला. दुसऱ्या दिवाळीला गेले.

रिक्षातून उतरले तर बूथवर गर्दी. केबिनमध्ये टीचरम्मा हसत हसत फोनवर बोलत होत्या. आणि उंबऱ्यातच, आडवा, गडी झोपलेला. एक माणूस त्याला ओलांडून आत गेला. त्यानं डोळाही उघडला नाही. माझा जीव असा भरून आला! “गड्या, अरे मी!” मी ओरडलेच, आणि हात पसरून धावले.

तो दचकून उठला. शेपूट पोटाशी, कान मागं. वडिलांच्या पायांमागं गेला आणि तिथून माझ्यावर गुरगुरला.

“थांब,” वडील म्हणाले. “तिथंच थांब. ओरडू नको. पाठीवरचं खाली ठेव. डोळ्यावरचं काढ. आडवी उभी राहा, त्याच्याकडं बघू नको.” एक हात त्यांनी गड्याच्या मानेवर ठेवला होता. इतक्या सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, किती संध्याकाळी.

“किती वेळ?” मी विचारलं.

“त्याला लागंल तितका. नव्या माणसाला लागतो.”

मी आमच्याच पायरीखाली आडवी उभी राहिले. टीचरम्मांचा फोन संपला. कुरियरवाला माझ्या बाजूनं आत जाऊन सही घेऊन गेला. गडी अजून जागचा हलला नव्हता. मला रडू येत होतं, पण नाक पुसायला हात उचलायची सोय नव्हती.