ताईंच्या तसबिरीसाठी जागा

ताई गेल्या आणि नगरसभेतल्या पुरुषांना एकाएकी त्यांच्याबद्दल प्रेमाचं भरतं आलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशातली गत. शोकसभेत सभापतींनी असा काही गळा काढला की मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या खातेप्रमुखबाईने तोंडच फिरवलं.

खातेप्रमुखबाई म्हणजे कोणी अधिकारी नव्हे. सभागृहाच्या दाराशेजारचं बायकांचं स्वच्छतागृह सांभाळणारी ठेंगणी, फटकळ बाई. हे नाव ताईंनीच ठेवलेलं. "सभापती येतील नि जातील, तुझं खातं कायम," त्या म्हणायच्या. "आणि या इमारतीत रोजचं काम रोज निकालात काढणारं हे एकच खातं आहे." ते नाव असं चिकटलं की कारकूनही तिला त्याच नावाने हाक मारायचे.

ताई निवडून आल्या तेव्हा हे स्वच्छतागृह नव्हतंच. सभागृहात बाई येईल हे बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, बायकांची सोय कुठे आहे? बाकांवर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, बाईंनी घरी जाऊन यावं. ताईंनी ते लक्षात ठेवलं. पुढे अंदाजपत्रकाच्या मतदानाला दोन्ही बाजू समसमान झाल्या, ताईंच्या एका मतावर सगळं अडलं, तेव्हा त्या शांतपणे उठल्या आणि पर्स उचलली.

"सभापती महाराज, मी जरा घरी जाऊन येते. मतदान तेवढं मी आल्यावर घ्या."

घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. ताई चालत गेल्या, येताना भाजी घेऊन आल्या. तोवर त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढच्या बैठकीत स्वच्छतागृह मंजूर झालं, तेही एकमताने. एवढं एकमत त्या सभागृहात एरवी फक्त सभासदांचा भत्ता वाढवताना व्हायचं. उद्‌घाटनाला कात्री आणि फीत घेऊन मंडळी जमली, तर ताई म्हणाल्या, "फीत राहू द्या हो, मला घाई आहे."

हा सगळा पराक्रम, तेव्हा सभागृहात झाडलोट करणाऱ्या खातेप्रमुखबाईने डोळ्यांनी पाहिलेला. त्या तीन दारांच्या खोलीत टंकलेखिका यायच्या, तक्रारी घेऊन आलेल्या बायका यायच्या, एखादी लेकुरवाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मुलाला पाजायची. भाषणाआधी ताईही तिथेच येऊन बसायच्या. बूट काढायच्या, टाच चोळायच्या आणि आरशात बघून विरोधकांना द्यायच्या टोल्यांची तालीम करायच्या. हिला हसू आलं तर तो टोला ठेवायच्या, नाहीतर सोडून द्यायच्या.

आणि आज माइकसमोर नाक ओढणारा हा सभापती? तरुण सभासद होता तेव्हा याने भर सभेत ताईंना 'संडासवाल्या बाई' म्हटलं होतं. ताई तिथल्या तिथे म्हणाल्या होत्या, "हो ना, म्हणूनच तुम्ही दिसलात की मला फिनेल आठवतं." आज तोच त्यांना 'मातृतुल्य' म्हणत होता. खातेप्रमुखबाईला वाटलं, फिनेलची अख्खी बाटली ओतली तरी हे तोंड स्वच्छ व्हायचं नाही.

शोकसभेच्या शेवटी सभापतींनी घोषणा केली. ताईंचं भव्य तैलचित्र लावायचं, खास दालनात, अगदी सभागृहाच्या दाराशेजारी. टाळ्या झाल्या. दाराशेजारी काय आहे, ते टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि म्हणूनच वाजवल्या असतील.

ती तडक सचिवांच्या खोलीत गेली.

"साहेब, दाराशेजारी आमचं स्वच्छतागृह आहे."

"तेच काढायचंय," सचिव फायलीतून डोकं न काढता म्हणाले. "दुसरी जागा नाही. आणि ती जागा तरी कोणाची? ताईंचीच म्हणायची."

"मग बायकांनी जायचं कुठे?"

"खाली, मागच्या बाजूला आहे की एक. गाड्या लागतात तिथे."

त्या एकाला कडी नव्हती. एका बाईने आत जायचं नि दुसरीने दार धरून उभं राहायचं, तेही ड्रायव्हर लोकांच्या देखत.

"तुला काळजी नको," सचिव म्हणाले. "तुझी नोकरी जात नाही. नवा गणवेश मिळेल. खुर्चीवर बसायचं आणि तसबिरीची धूळ पुसायची. आराम आहे."

तिला त्यांच्या टेबलावरच थुंकावंसं वाटलं. पण उद्या ते टेबल आपल्यासारख्याच कोणा कामवालीला पुसावं लागेल, म्हणून ती गिळून बाहेर आली.

घरी लेक लॉंड्रीतून दमून आली होती. ऐकून म्हणाली, "आई, घे ती खुर्ची. जन्मभर घाण काढलीस, आता तरी बस जरा."

"तिथे कसली घाण गं? तिथे बायका यायच्या. घाण आत्ता बघितली."

"मग काय, नोकरी सोडतेस?"

"सोडत नाही. पुरुषांच्या स्वच्छतागृहातली मागून घेते."

"शी!" लेक म्हणाली.

सचिवांनी आनंदाने दिली. ती जागा कोणालाच नको असायची, आणि का ते तिला पहिल्याच सकाळी कळलं. अख्ख्या शहराला वळण लावायला निघालेल्या या लोकांना एवढ्याशा भांड्यावर नेम धरता येत नव्हता. भिंती, फरशी, कोपरे, काही म्हणून सोडलं नव्हतं. ती नाक दाबून घासत राहिली. समोर मजूर तिच्या तीन दारांवर हातोडे घालत होते.

अनावरणाच्या दिवशी बायका ढिगाने जमल्या. शिक्षिका, परिचारिका, ताईंच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या. भाषणं लांबली. बायका कुजबुजायला लागल्या, खाली जाऊन परत वर येऊ लागल्या. कडी नाही म्हणत एक म्हातारी रडकुंडीला आली.

खातेप्रमुखबाईने पुरुषांच्या दारात बादली आडवी ठेवली, 'सफाई चालू आहे' ही पाटी अडकवली आणि म्हातारीचा हात धरून तिला आत नेलं. मग दुसरी आली. मग रांगच लागली. तिने आतून दार लोटलं आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

आणि तिथे, त्या मुताऱ्यांच्या समोर, तिला ताई गेल्याचं रडू आलं. स्मशानात आलं नव्हतं, शोकसभेत तर नाहीच. एका तसबिरीने माणूस असा पुसून टाकता येतो, तेही टाळ्या घेऊन, याचा तिला इतका संताप आला की हुंदका आवरेना.

बाहेरून दारावर टकटक झाली.

"कोण आहे आत?" सभापतींचा आवाज. आधी ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा, सहज विचारल्यासारखा. मग घाईचा. "अहो, किती वेळ लागेल?"

रांगेत अजून सात-आठ जणी उभ्या होत्या. तिने बाहीने डोळे पुसले.

"बायका आहेत," ती म्हणाली. "थांबा."

आणि तिने सावकाश नाक शिंकरलं.