भगवानचे दोन फ्री थ्रो

आमची बटालियन तेव्हा उत्तर सीमेवर होती. चौक्या डोंगरात, मुख्यालय खाली खोऱ्यात. मी हवालदार, अंबड तालुक्यातला. वरून उतरलेल्या कंपनीला काही आठवडे विश्रांती मिळे. विश्रांती म्हणजे शस्त्रांची सफाई, घरी फोन आणि सोळाशे वाजता, म्हणजे दुपारी चारला, बास्केटबॉल. मी रेफरीचा कोर्स केला होता, म्हणून शिट्टी माझ्याकडे असे.

त्या वर्षी फायनल ब्राव्हो आणि चार्ली कंपनीत झाली. चार्लीकडून खेळणारा, नायक हुद्द्याचा भगवान हा जांब समर्थजवळच्या खेड्यातला. नऊ सेकंद उरले होते, चार्ली दोन गुणांनी मागे. बास्केटखाली भगवानला धक्का बसला आणि तो सिमेंटवर कोपरावर आपटला. मी फाउल दिला. दोन फ्री थ्रो, प्रत्येकी एका गुणाचे. भगवान उठला तेव्हा कोपरातून रक्त गळत होतं.

"भगवान, बाहेर."

"उस्ताद, दोनच तर हायेत. मारून जातो."

"रक्त आहे. बदली खेळाडू टाकेल."

नियम स्पष्ट आहे. फ्री थ्रो ज्याला मिळाले त्यानेच टाकायचे. नेम चांगला म्हणून दुसऱ्याला उभं करता येत नाही. पण तो जखमी असेल तर त्याच्या जागी आलेल्याने टाकायचे. टाइमआउट घेऊन रक्त थांबवता आलं असतं, पण चार्लीकडे एकही उरला नव्हता.

लान्स नायक रफीक आत आला. तो अंबडचा. सबंध मॅच बाकावर बसलेला, हात गार पडलेले. त्याचा पहिला आत गेला. तोवर पट्टी बांधून भगवान स्कोअररच्या टेबलाशी उभा. "आता घ्या मला." पहिल्या थ्रोसाठी बॉल हातात दिला की शेवटचा होईपर्यंत बदल नाही. मी नकारार्थी मान हलवली. रफीकचा दुसरा रिंगला लागून बाहेर आला. बॉल ब्राव्होच्या हाती गेला, नऊ सेकंद संपले आणि चार्ली एका गुणाने हरली.

भगवान अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी बराकीत आला आणि नियमांचं पुस्तक मागितलं. ते पान त्याने दोनदा वाचलं.

"लिहिलंय बराबर," तो म्हणाला. "पण मला पटून न्हाई राह्यलं."

त्यानंतर चार्ली वर गेली. त्या चौकीवर रेडिओ सेट सांभाळायला मलाही पाठवलं. एका सकाळी सहा जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. शून्य सहा दहाला समोरच्या धारेवरून फायर आलं. चौघे नाल्यात उतरले. भगवान आणि रफीक एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, घेऊन वर एका खडकाआड अडकले. सेटवर रफीक होता.

"भगवानदादांच्या मांडीत गोळी लागली. ओव्हर."

"त्याला घेऊन खाली ये. दुसरी पार्टी निघाली आहे. ओव्हर."

मग भगवानचा आवाज आला. "उस्ताद, दोघं निघालो तर दोघंबी जाऊ. एलएमजी माझ्याकडं हाय. रफीकला पाठवून राह्यलो. ओव्हर."

"तू जखमी आहेस. रफीक कव्हर देईल, तू निघ. ओव्हर."

"मला चालता येत न्हाई. त्याला येतं. आउट."

शून्य सहा पंचवीसला रफीक नाल्यात पोचला. शून्य सहा पन्नासला दुसरी पार्टी खडकापर्यंत गेली. भगवान गेलेला होता. एलएमजीत एकही राउंड शिल्लक नव्हता.

मी आणि रफीक, दोघेही आता निवृत्त आहोत. दरवर्षी त्या तारखेला अंबडहून एसटीने भगवानच्या गावी जातो. त्याची पत्नी, सुनीतावहिनी, जेवायला वाढतात. लढाईबद्दल त्या कधी विचारत नसत. गेल्या वर्षी भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "शेवटी त्यांच्यापाशी कोण होतं?"

रफीकने हातातला घास ताटात ठेवला.

"कुणीच न्हाई, वहिनी. मी खाली गेल्तो."

"तुमच्या मनानं?"

"न्हाई. त्यांनी पाठवलं."

वहिनी चुलीकडे वळल्या. मग त्यांनी दुसरी भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"मंग जेवा, भाऊ. त्यांनी पाठवलेला माणूस या घरातून उपाशी न्हाई जायचा."