टँकरच्या रांगेतला बाप

लातूर नवा जिल्हा झाला तरी त्या दुष्काळात आमच्या गल्लीत पाणी टँकरनंच यायचं. रांगेत एक बाई रोज दिसे. ती रेणापूरची, नवरा तेलुगू, विहिरी खोदणारा. त्याच दुष्काळात दरड कोसळून तो विहिरीत गाडला गेला होता.

रांगेतली एक म्हातारी त्या बाईच्या पोरीला डिवचायची, "तेलंग्याची तू, तिकडंच जाय की!"

लगेच बाई पाठ फिरवायची, तोंडावर पदर घ्यायची आणि पदराआडून पुरुषाचा घोगरा आवाज यायचा, "बंगारम, इटु रा!" सोन्या, इकडं ये! रांग गारठायची. पोरगी मात्र ताठ मानेनं "वस्तुन्ना, नान्ना!" म्हणत, आले बाबा म्हणत, आईला बिलगायची.

मी एकदा विचारलंच, "बाई, हे काय हो?"

"बाप मेला, दादा. पोरीतला बी मरू द्यावा काय?"

पुढं बाई तापानं निजली. पोरगी एकटीच आली आणि म्हातारीला रान मोकळं मिळालं. पोरीनं शांतपणे पाठ फिरवली, तोंडावर ओढणी घेतली. आवाज तोच होता, पण या वेळी मराठीत बोलला.

"पोरगी माझी हाय, म्हातारे. आन् हितलीच हाय."