तटावरच्या तीन फेऱ्या

मी जन्मभर स्पेनमधल्या लुगो गावात कुलपं दुरुस्त केली. स्वतःच्या तोंडाला मात्र कधी कुलूप घालता आलं नाही. खातानाही नाही आणि थापा मारतानाही नाही.

दुकान बंद केलं त्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एलादिओ, रोज चालायला लागा. एवढा रोमन तट आहे गावाभोवती, वरून एक फेरी मारत जा."

बायको, दोसिंदा, शेजारीच बसली होती. मी छाती पुढे काढली. "एक कशाला? तीन मारतो!"

पहिल्याच दिवशी अर्ध्या फेरीत धाप लागली. खाली उतरायला जिना होता आणि जिन्याच्या तोंडाशी ओब्दुलियाचा बार. आमच्याकडे वाइनचा पेला घेतला की सोबत काहीतरी खायला फुकट मिळतं. त्या दिवशी वजडी आणि काबुली चण्यांचा रस्सा होता. दुसऱ्या दिवशी पुढच्या वेशीपाशी उकडलेला ऑक्टोपस, वर लाल तिखट आणि ऑलिव्हचं तेल. महिन्याभरात तटाच्या दहाही वेशींवर माझी ओळख झाली आणि कमरेचा पट्टा दोन भोकं सैल झाला. घरी मात्र मी घाम पुसत सांगायचो, "आजही तीन!"

चार महिन्यांनी दोसिंदाने आळीतल्या बायकांचा चालण्याचा गट काढला. सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढे आमचा एलादिओ चालेल. त्याला सवय आहे."

रविवारी अठरा बायका जमल्या. सर्वांत तरुण ती साठीची. पहिली दोनशे पावलं मी पुढारी होतो. मग चौथा झालो, मग अकरावा. शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली रेमेदिओससुद्धा, "सरक रे बाबा, वाट अडवू नकोस," म्हणत पुढे गेली.

तेवढ्यात खालून ओब्दुलियाची हाक आली, "अहो एलादिओ, आज वरच का? वजडी गार होतेय!"

अठरा माना वळल्या. दोसिंदा परत माझ्याजवळ आली.

"हे बघ, मी तुला सांगणारच होतो..."

"काय सांगणार होतास? चालणाऱ्याचे बूट झिजतात. तुझ्या कोटाची कोपरं झिजलीत, टेबलावर टेकून टेकून."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. कबूल कधी करतोस ते बघत होते. तू काही करेनास, शेवटी मीच कंटाळले. चल आता, फेरी पुरी कर."

मी ती पुरी केली. सव्वा तास लागला. ओब्दुलियाकडे पोचलो तेव्हा बायकांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं होतं. मला पाव आणि तळाशी उरलेला रस्सा मिळाला. लाज वाटत होती, तरी मी तोही पावाने निपटून खाल्ला.

आता दर रविवारी जातो. फेरी संपल्यावर कुठल्या बारमध्ये काय ताजं आहे, ते बायका मलाच विचारतात. एवढ्या एका बाबतीत माझ्या शब्दाला किंमत आहे. चालताना मी शेवटून तिसरा असतो. मागच्या दोघींपैकी एकीचा घोटा मुरगळलाय, दुसरी तिला धरून चालते.