आधी बाहेर पडू, मग भांडू

आमच्या बदलापुरात मला लोक ‘बिल्डिंगवाल्या वकीलबाई’ म्हणतात. खून, मारामारी, घटस्फोट यातलं मी काही हाताळलं नाही. गळणारी गच्ची, शेजारच्या खोदकामामुळे तडकलेली भिंत, बिल्डरने नकाशात दाखवलेली आणि प्रत्यक्षात कुठेच नसलेली बाग, हेच माझं काम. बरीच वर्षं कोर्टात उभी राहून भांडले. पुढे मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलं आणि हळूहळू त्याच कामात रमले. वडील अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते. त्यांना हे नवीन काम समजावून सांगताना माझी दमछाक झाली होती.

“म्हणजे तू कोणाच्याच बाजूने नाहीस?” त्यांनी विचारलं.

“दोघांच्याही बाजूने आहे, बाबा.”

“मग दोघंही तुला शिव्या देणार,” असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरीही या कामात एक प्रकरण असं आलं की त्याची आठवण झाली की मला आजही मोकळा श्वास घेता येतो.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधली ती इमारत. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर चार मजले राहती घरं. इमारत धोकादायक ठरली होती, पालिकेची खाली करायची नोटीस लागली होती, नवी बांधून द्यायला एक बिल्डर तयारही होता. पण कोणी जागचं हलत नव्हतं. कारण खालचा कारखानदार आणि वरचे रहिवासी यांचं कोर्टात भांडण चालू होतं. रहिवासी म्हणत, कापड कापायचं मोठं टेबल बसवायला याने आतली भिंत पाडली, त्यामुळे इमारत खचली. कारखानदार म्हणे, वरच्यांच्या मोऱ्या आणि संडास वर्षानुवर्षं गळत राहिले, त्या पाण्याने माझ्या डोक्यावरचे बीम सडले. दोघांनीही इंजिनिअर नेमले होते आणि ज्याचा त्याचा इंजिनिअर ज्याच्या त्याच्या बाजूने बोलत होता. शेवटी कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आणि ते माझ्याकडे आलं.

मी आधी इमारत बघायला गेले. कारखान्यात शिलाई मशिनींचा खडखडाट चालू होता, हवेत निळसर धूळ तरंगत होती आणि मशिनींच्या मधोमध छताला टेकू दिलेले लोखंडी जॅक उभे होते. कारागीर त्या जॅकना वळसा घालून ये-जा करत होते, जणू ते पहिल्यापासून तिथेच होते. दुसऱ्या मजल्यावर रहिवाशांच्या पुढारी राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या सिंधी बाई, सगळा जिना त्यांना अम्मा म्हणायचा. त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवलं. ओट्यावरच्या छताचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळया दिसत होत्या आणि त्याखाली अम्मांनी एक जुनी चादर झोळीसारखी बांधली होती.

“ये किसलिए, अम्मा?”

“सीमेंट गिरता है ना, बेटा. दाल में नहीं गिरना चाहिए.”

मी हसले खरी, पण जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर मान वर करून छताकडे बघत होते. मी इंजिनिअर नाही. तरी इतकी वर्षं इमारती बघून एवढं कळायला लागलं होतं की चूक कोणाची हे ठरेपर्यंत ही इमारत थांबणार नाही.

पहिली बैठक माझ्या अंबरनाथच्या ऑफिसात घेतली. मुद्दामच. कारखानाही नको आणि अम्मांचं घरही नको. सगळे शेअर रिक्षांनी आले, दोन्हीकडचे वकील आले, आणि चहा येण्याच्या आतच बैठक फिसकटली. कारखानदार चाळिशीतला मराठी माणूस, एरवी मऊ बोलणारा, पण अम्मांनी “तोडफोड किसने की?” म्हटल्याबरोबर उठून उभा राहिला. “माझ्या कारागिरांच्या डोक्यावर यांचं घाण पाणी ठिबकतंय आणि मी तोडफोड केली?” अम्माही उठल्या. एकेकाळी हाच मुलगा कारखाना नवा असताना दुपारी अम्मांकडे जेवायला जायचा, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते.

मग मी दोघांना वेगवेगळं भेटायचं ठरवलं. मध्यस्थीत ही सोय असते. बंद दाराआड एक पक्ष जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही.

कारखानदार आधी आला. मी सरळच विचारलं, “तुम्हाला जागा सोडायची भीती नेमकी कशाची वाटते? दुसरीकडे गाळा मिळतोय ना?”

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, “मॅडम, गाळा मिळेल हो. पण मी बाहेर पडलो की उद्या हेच कोर्टात सांगणार, बघा, चूक होती म्हणूनच पळाला. मग सगळं माझ्या डोक्यावर.”

“आणि उद्या छत खाली आलं तर?”

“रोज सकाळी शटर उघडताना वर बघतो,” तो म्हणाला. “बायको म्हणते सोड. कसं सोडू?”

दुसऱ्या दिवशी अम्मा आल्या. त्यांना मी तोच प्रश्न विचारला. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “हम खाली करेंगे तो वो बोलेगा, लीकेज इनका ही था, इसलिए चुपचाप निकल गए. जज साहब मान लेंगे. फिर मेरे पीछे सारी बिल्डिंग का क्या?”

 दोघांनाही एकच भीती होती, जवळजवळ त्याच शब्दांत. ज्या इमारतीची दोघांना धास्ती होती तिच्यात दोघं केवळ एकमेकांमुळे अडकून पडले होते. आणि हे मला माहीत असून मी एकालाही सांगू शकत नव्हते. त्या आठवड्यात कॅम्प तीनमध्ये काही पडल्याची बातमी तर नाही ना, हे मी फोन हातात घेतला की आधी बघायची. नवऱ्याने एकदा विचारलंही, “सारखं काय शोधतेस?” मी फोन पालथा ठेवला.

शेवटी मी दोघांकडे परवानगी मागितली. “तुम्ही जे बोललात, त्यातलं एकच वाक्य मी समोरच्याला सांगू का? बाकी काही नाही.” कारखानदार तयार झाला. अम्मांनी खूप आढेवेढे घेतले. “वो हँसेगा,” त्या म्हणत राहिल्या. मी म्हटलं, “नहीं हँसेगा, अम्मा. मेरा भरोसा कीजिए.” तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

पुढच्या बैठकीत मी दोघांची वाक्यं एकापाठोपाठ एक सांगितली. कोणी हसलं नाही. कारखानदाराने पहिल्यांदा अम्मांकडे नीट बघितलं. अम्मा खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

मी म्हटलं, “चूक कोणाची, हे आज ठरवायचं नाही. आधी बाहेर पडू, मग भांडू. भांडायचा तुमचा दोघांचाही हक्क जसाच्या तसा राहील.”

मग मी एक वाक्य लिहिलं, मराठीत आणि हिंदीत: जागा सोडली म्हणजे कोणी काही कबूल केलं असा अर्थ कोणीही, कुठेही काढणार नाही. दोन्ही वकिलांनी त्या एका वाक्याचा कीस पाडला. मला आमच्या धंद्याचा इतका राग क्वचित आला असेल. पण अखेर सह्या झाल्या, कोर्टानेही त्याची नोंद घेतली. मग नवाच प्रश्न निघाला, आधी कोण निघणार? यावर मात्र फार बोलणं झालं नाही. एकाच सकाळी दोघांनी निघायचं ठरलं.

त्या सकाळी मी गेले होते. जायची गरज नव्हती, पण घरी राहवेना. गल्लीत टेंपो लागले होते, मशिनी निघत होत्या, वरून गाद्या उतरत होत्या. अम्मांचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. चार माणसं घाम पुसत उभी राहिली. खालून कारखानदार ते बघत होता. मग त्याने हात तोंडाशी धरून हाक मारली, “अम्मा, कपाट परत वर घ्यायला सांगा. गॅलरीतून दोरी सोडा. माझी पोरं घेतात खाली.”

अम्मा गॅलरीत आल्या. त्यांनी वाकून खाली बघितलं. मग म्हणाल्या, “आईना लगा है उसमें. फूटना नहीं चाहिए.”

“नाही फुटणार.”

त्याच्या कारागिरांनी कपाट गाद्यांमध्ये गुंडाळून दोरीने खाली घेतलं. आरसा फुटला नाही. दुपारपर्यंत इमारत रिकामी झाली, शटर ओढलं गेलं, आणि मी बदलापूरला येऊन भरदिवसा गाढ झोपले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी बदलापूरजवळच्या चामटोली गावात होते. एका नव्या संकुलाच्या कुंपणामुळे एका शेतकरी कुटुंबाच्या शेतातलं पाणी अडत होतं, ते बघायला. बांधावर उभी असतानाच कारखानदाराचा फोन आला.

“मॅडम, बसली.”

“काय बसली?”

“बिल्डिंग. मागची बाजू. अम्माच्या किचनचा स्लॅब थेट माझ्या कटिंग टेबलाच्या जागेवर आला.”

मला पुढचं विचारवेना. तरी विचारलं, “आत कोण होतं?”

“कोणी नाही, मॅडम. कोणी म्हणजे कोणीच नाही. कुत्रंसुद्धा नव्हतं.” आणि तो मोठा माणूस फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.

मी तिथेच विटांच्या ढिगावर बसले. शेतकऱ्याची बायको लगबगीने पाण्याचा तांब्या घेऊन आली. “काय झाला गो बाय? वायट खबर हाय का?”

“नाही ताई,” मी म्हटलं, “चांगली आहे.” पण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे तिचा विश्वास बसला नाही. ती माझ्या शेजारी बसून राहिली.

चूक कोणाची होती, ते कधीच ठरलं नाही. पुढे दोघांनी तडजोड करून दावा मागे घेतला आणि तो प्रश्न तसाच राहिला. पूर्वीची मी असते तर मला ते डाचलं असतं. आता नाही डाचत.

इमारत पडल्यावर मी अम्मांना त्यांच्या भाड्याच्या घरी भेटायला गेले. त्याच कॅम्पात, दोन गल्ल्या सोडून. त्यांनी मला बसवलं, पापड भाजला आणि तक्रारी सुरू केल्या. नळाला धार फार जोरात येते, ओटा खिडकीपासून लांब आहे, वरचे लोक खुर्च्या ओढतात, समोरच्या दुकानात पापड चांगला मिळत नाही. मधेच त्या थांबल्या. “तू सुन भी रही है, बेटा?”

“सुन रही हूँ, अम्मा,” मी म्हटलं. “बोलिए ना. और क्या तकलीफ है?”

त्यांनी पापडाचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि मोरीच्या दाराच्या कडीबद्दल सांगायला लागल्या.